सरकता दरवाजा, त्याचे सील आणि आमचे मेहताजी

भिवंडीत ज्यांचे ऑफिस लूमच्या शेडला लागून आहे, त्या व्यापारी बंधूंना आवाज म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. शटलचे लूम चालू असले की शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. अशा आवाजात फोनवर भाव ठरवायचे आणि ऑर्डर लिहून घ्यायची! 'साठ' म्हटलेले 'आठ' ऐकू येते. आवाजाबरोबर सुताचे बारीक तंतू आत येतात ते वेगळेच.

म्हणून आम्ही २०२२ साली ऑफिसला जाड सरकता दरवाजा बसवला. बिजागरीचा दरवाजा चालला असता, पण समोरच्या गल्लीतून बीमची ट्रॉली जाते, तिथे दरवाजा उघडायला जागा नाही. दरवाजा वरच्या ट्रॅकवर लटकतो, त्यामुळे खाली फट राहते. ती बुजवण्यासाठी दुकानदाराने ऑटोमॅटिक सील दिले. दरवाजाच्या खालच्या कडेत एक ॲल्युमिनियमची पट्टी असते आणि तिच्यात रबर. पट्टीच्या टोकाला एक बटण बाहेर आलेले असते. दरवाजा चौकटीला टेकला की बटण दाबले जाते आणि रबर खाली उतरून फरशीला चिकटते. दरवाजा उघडला की आतली स्प्रिंग रबर वर खेचते. वस्तू चांगली आहे, आमची तक्रार वस्तूबद्दल नाही.

आमचे मेहताजी मरहूम वालिदांच्या काळापासून आमच्याकडे आहेत. वय सत्तरीच्या घरात, त्यात उजवे मनगट एकदा मोडलेले. एके दिवशी अहमदाबादच्या पार्टीने फोनवर साठ तागे सांगितले, मेहताजींनी आठ लिहिले. गाडी निघून गेली आणि पार्टीने उरलेला माल दुसरीकडून उचलला. आम्ही पाहिले तर दरवाजा बोटभर उघडा होता. कामगारांसमोर आम्ही बोललो, "मेहताजी, दरवाजा लावण्याइतकेही काम होत नाही का?" ते एवढेच म्हणाले, "सेठ, मी लावतो, तो परत येतो." आम्हाला तो बहाणा वाटला.

पंधरा दिवसांनी एका हातात चहाचा पेला घेऊन आम्ही स्वतः तोच दरवाजा लावला. तो खरोखरच परत आला.

मग आम्ही सुताची गड्डी तोलायचा स्प्रिंगचा काटा दरवाजाच्या खाचेला अडकवून ओढून पाहिला. दरवाजा सरकायला दोन किलोचा जोर लागत होता, पण शेवटच्या अर्ध्या इंचाला काटा सहावर गेला. अमेरिकेत अपंगांच्या सोयीसाठी जे नियम आहेत, त्यांत सरकत्या दरवाजाला पाच पौंड, म्हणजे साधारण सव्वादोन किलोच्या वर जोर लागू नये असे म्हटले आहे. आमचा म्हातारा माणूस दिवसातून पन्नास वेळा सहा किलो ओढत होता, तेही बोटांच्या टोकांनी.

याचे कारण मिस्त्रीने सांगितले ते आम्हाला पटले. बिजागरीच्या दरवाजात सीलचे बटण बिजागरीजवळ असते आणि हात दुसऱ्या टोकाला असतो. पहारीने दगड उचलावा तसा तिथे थोड्या जोरात बटण दाबले जाते. सरकत्या दरवाजात ही पहारच नाही. स्प्रिंगचा सगळा जोर सरळ हातावर येतो, आणि हात सोडला की तीच स्प्रिंग दरवाजा मागे ढकलते.

मिस्त्रीने आधी बटण पाहिले. ते गरजेपेक्षा जास्त बाहेर काढलेले होते, त्यामुळे रबर लवकर उतरून फरशीवर घासत जात होते. एलन चावीने बटण थोडे थोडे आत घेतले आणि दर वेळी रबराखाली कागद घालून ओढून पाहिला. कागद अडून निघाला पाहिजे. फाटला तर रबर जास्त उतरते आहे. पण एका टोकाला कागद अडत होता आणि दुसऱ्या टोकाला मोकळा निघत होता. फरशीच उंचसखल होती! दरवाजाखालची कोटा फरशी घासून सपाट केली. हे काम आधी करायला हवे होते, पण दरवाजा बसवताना खाली कोण बघतो? चौकटीच्या लाकडात बटणाने खड्डा पाडला होता, तिथे स्टीलची छोटी पट्टी ठोकली. कामगार तिथे मशीनचे तेल घालत होते, ते बंद केले. तेलात सुताचे तंतू बसून त्याचा लगदा होतो. आता सिलिकॉनचा स्प्रे मारतो. वरची चाके साफ केली.

बोटे घालायच्या खाचेऐवजी कमरेच्या उंचीला लांब उभे हँडल लावले. त्यामुळे दरवाजा चार इंच कमी उघडतो, पण पूर्ण मूठ बसते आणि अंगाचा भार देता येतो. शेवटी हुकाचे लॉक बसवले. त्याचा दांडा खाली केला की हूक दरवाजा आत ओढून धरतो. हरवलेली पहार अशी परत मिळाली. आता हाताने ओढायला काटा तीनवर थांबतो, पुढचे काम दांडा करतो.

दुकानदार सॉफ्ट क्लोज घ्या म्हणत होता. त्यात शेवटच्या काही इंचांत दरवाजा आपोआप ओढला जातो. पण ती स्प्रिंग भरायची मेहनत दरवाजा उघडताना करावी लागते, आणि ती हलकी असेल तर सीलचे बटण दाबण्याआधीच थकते. घेणाऱ्याने सील लावलेल्या दरवाजावरच चालवून पाहावे. परदेशी पद्धतीचे लिफ्ट अँड स्लाइड दरवाजेही मिळतात. त्यांत दांडा फिरवला की दरवाजा उचलला जाऊन चाकांवर चालतो आणि बंद केल्यावर स्वतःच्या वजनाने सीलवर बसतो. उत्तम चीज आहे, पण लूमच्या ऑफिसाला इतका खर्च आम्हाला परवडणारा नाही.

मेहताजींची माफी आम्ही त्याच कामगारांसमोर मागितली. ते हसले आणि डाव्या हाताने दांडा खाली करून फोनवर बसले. दरवाजा परत आला नाही.