खेळणी साधी चालतील, खेळगडी हवा

दुडदुडणाऱ्या मुलासाठी महागड्या खेळण्यांपेक्षा सोबत खेळणारं माणूस मोलाचं, याला जमैकातला पुरावा आहे. १९८६-८७मध्ये किंगस्टनच्या गरीब वस्त्यांत, वाढ खुंटलेल्या ९ ते २४ महिन्यांच्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जाऊ लागल्या आणि घरगुती वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी कसं खेळावं, हे आईला दाखवू लागल्या. उपक्रम दोनच वर्षं चालला. पण सुमारे वीस वर्षांनी या मुलांची कमाई, खेळाचं असं मार्गदर्शन न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा २५ टक्के जास्त आढळली.

नोकरी करणाऱ्यांना वेळ कुठून मिळणार, हा आक्षेप रास्त आहे. मात्र वाट्या एकात एक बसवणं, ओढणीआडून बुवाकुक, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं कामं करतानाही जमतं. फक्त मोबाइल बाजूला ठेवा आणि खेळ मुलाला ठरवू द्या.