दादाच्या शेंगा जास्त!

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात रथ निघतो. जळगावातून, आसपासच्या खेड्यांतून माणसं लोटतात आणि चाकाखाली मोगऱ्या, म्हणजे लाकडी पाचरी, लावत लावत तो थोरला लाकडी रथ हळूहळू पुढे सरकतो. रथ दारापर्यंत यायला वेळ होता, म्हणून आम्ही ओट्यावर भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा वाटून घेत होतो. उपास ना! सहावीतल्या भाच्याला सहा आणि त्याच्या चार वर्षांच्या बहिणीला सहा. त्याने आपल्या शेंगा आगगाडीसारख्या लांबलचक ओळीत मांडल्या. तिच्या मात्र एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. झालं! तिने भोकाड पसरलं, "मले कमी भेटल्या! दादाच्या जास्त!"

"मोज बरं," मी म्हटलं. तिने एकेका शेंगेवर बोट ठेवून मोजल्या. दादाच्या सहा. स्वतःच्याही सहा.

"मग कोणाच्या जास्त?"

"दादाच्या!"

हसताय ना? तिच्या वयाचे होतात तेव्हा बहुतेक तुम्हीही हेच म्हणाला असता. स्वित्झर्लंडमध्ये जीन पियाजे नावाचे शास्त्रज्ञ होते. मुलं विचार कसा करतात, याचाच त्यांना नाद. त्यांनी अलिना शेमिन्स्का यांच्यासोबत १९४१ साली मुलांच्या संख्याज्ञानावर एक पुस्तक लिहिलं. त्यात अशाच ओळी मांडून पाहिल्या आहेत. साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची पुष्कळ मुलं लांब ओळीलाच 'जास्त' म्हणतात. त्यांना मोजता येत नाही असं नाही. पण मोजणं आणि दिसणं यांचं भांडण झालं, की त्या वयात दिसणं जिंकतं.

पुढे १९६७ साली दोन शास्त्रज्ञांनी एक गंमत केली. एक ओळ लांब, पण तिच्यात चारच गोळ्या. दुसरी आखूड, तिच्यात सहा. नुसतं "कुठे जास्त?" असं न विचारता ते म्हणाले, "हवी ती ओळ घे आणि खाऊन टाक." चॉकलेटच्या गोळ्या होत्या हो! मग दोन-तीन वर्षांच्या पोरांनीसुद्धा बहुतेक वेळा बरोबर सहाची ओळ उचलली. मला वाटतं, 'जास्त' या शब्दाचा मोठ्या माणसांच्या मनातला अर्थ लहानग्यांना नीट ठाऊक नसतो. पोटाला मात्र ठाऊक असतो.

आता तुमच्या डोळ्यांची परीक्षा. मूठभर चिंचोके घ्या. मित्राला सांगा, त्यातले थोडे ताटलीत टाक, मला क्षणभर दाखव आणि लगेच हाताने झाक. किती होते? दोन असतील, तीन असतील, तर न मोजताच सांगाल. चारलाही चुकणार नाही. पाच-सहाला जरा अडखळाल. आणि आठ-नऊला? नुसता अंदाज!

विल्यम जेव्हन्स या इंग्रज पंडिताने हा खेळ एकट्याने खेळला, तोही १,०२७ वेळा. डब्यात घेवड्याचे काळे दाणे टाकायचे, एका नजरेत आकडा ठरवायचा, मग मोजून बघायचं. तीन आणि चार दाण्यांना तो एकदाही चुकला नाही. पाचपासून चुका सुरू. हे त्याने १८७१ साली छापलं. लुडोच्या फाशावरचे सहा ठिपके तुम्ही झटकन ओळखता, ही गोष्ट वेगळी. ते ठिपके तुम्ही मोजत नाही, त्यांची मांडणी ओळखता. तेच सहा ठिपके वेडेवाकडे टाकून बघा.

म्हणजे आपल्या नजरेला चारपाशी कुंपण आहे. त्याची खूण आपल्या महाराष्ट्रातल्या दगडांवरही सापडते. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या राणीचा, दोन हजार वर्षांहून जुना शिलालेख आहे. कोणत्या यज्ञात किती गाई, किती घोडे दान दिले, याचा हिशेब त्यात आकड्यांनी कोरलाय. तिथला एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन रेघा. नाशिकच्या लेण्यांत तीनसाठी तीन रेघा आहेत. मग चारसाठी चार? नाही! तिथे अधिकच्या चिन्हासारखी वेगळीच खूण. मला तर वाटतं, चार-पाच रेघा एका नजरेत मोजायला तेव्हाच्या माणसांनाही जड जात असावं. पुढे भराभर लिहिताना रेघा एकमेकींना जोडल्या गेल्या आणि आपले २ आणि ३ तयार झाले. तुमच्या वहीतल्या ३ मध्ये अजून तीन रेघा लपल्या आहेत, शोधा.

आता पत्ते काढा. राजा, राणी, गुलाम बाजूला ठेवा. दोघांनी एकदम एकेक पान उलटायचं, मोठं पान कोणाचं ते जो आधी ओरडेल त्याचा हात. दुर्री आणि नव्वी आली तर लगेच ओरडाल. अठ्ठी आणि नव्वी आली की जीभ क्षणभर थबकते. मोठ्या माणसांचंही असंच होतं. मोयर आणि लँडॉअर या दोन शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये वेळ मोजून ते दाखवलं. आकडे जितके शेजारी-शेजारी, तितका उशीर. म्हणून लहान भावंडाला शिकवताना 'सात मोठे की आठ' इथून सुरुवात करू नका. दोन आणि सात द्या, हळूहळू जवळ या. आणि ते < > चिन्हाचं मगरीचं तोंड, मोठ्या संख्येकडे 'आ' करणारं? ते चिन्ह छापून आलं १६३१ साली, टॉमस हॅरियटच्या पुस्तकात. छान आहे, पण घाई नको. मुलं मगर पाठ करतात आणि संख्या तशीच राहते.

आमच्या ओट्यावर शेवटी भाच्यानेच डोकं चालवलं. "तुझी एक, माझी एक," म्हणत त्याने तिची शेंग आपल्या शेंगेसमोर ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. सहा जोड्या लागल्या, एकही शेंग एकटी उरली नाही. भाची बराच वेळ टक लावून बघत राहिली. तिला पटलं असावं, कारण तिने आपल्याकडची एक शेंग उचलली, फोडली, दाणे तोंडात टाकले. मग दादाची ती एकटी पडलेली शेंग बघून पुन्हा ओठ काढले.

"आता मले कमी भेटल्या!"

या वेळी तिचं बरोबर होतं.