पोकलेन चिखलात का रुततं?

पावसाळ्यात काळ्या रानात पोकलेन रुतलं की गावभर बघे जमतात. खरं तर 20 टनांच्या त्या धुडाचा भार रुंद पट्ट्यांवर पसरतो. दर चौरस सेंटीमीटरला साधारण अर्धा किलो, जवळपास उभ्या माणसाच्या तळव्याएवढाच. मग रुततं का? काळ्या मातीचे कण पापुद्र्यांचे. त्यांत पाणी शिरलं की माती फुगते, लोण्यासारखी घसरते. पट्टे जागीच फिरले की ती आणखी घोटली जाते आणि यंत्र पोटावर टेकतं. आता चिखल सोडत नाही. पाय उपसताना चप्पल आत राहते ना, तसंच: खाली हवा शिरत नाही, वरची हवा दाबत राहते. म्हणून जाणता ऑपरेटर आधी कडेची माती उकरून हवेला वाट देतो, बकेट टेकवून एक बाजू उचलतो आणि पट्ट्याखाली ओंडके सारून घेतो.