खडकांच्या नोंदींतून प्राचीन पृथ्वीचा नकाशा

चंद्रपूर म्हटले की पारा ४५ अंशांपलीकडे नेणारा उन्हाळा आठवतो. याच जिल्ह्यात इरई गावाजवळ चुनखडीच्या खडकावर समांतर ओरखडे दिसतात. ते हिमनदीने ओढलेले आहेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी सरकत्या बर्फाच्या तळाशी अडकलेले दगड या खडकाला घासत गेले आणि बर्फ वितळल्यावर गाळ व गोटे त्यावर साचले. या थराचे नाव ‘तालचीर शैलसमूह’. ओडिशातील तालचेरवरून ते पडले.

शैलसमूह म्हणजे खालच्या-वरच्या थरांपासून वेगळा ओळखता येणारा आणि नकाशावर दाखवता येणारा खडकांचा संच. एखाद्या गावाचे किंवा नदीचे नाव त्याला देण्याची पद्धत आहे. अडचण इथूनच सुरू होते. त्याच हिमयुगातल्या खडकांना पाकिस्तानातील सॉल्ट रेंजमध्ये ‘टोब्रा’, दक्षिण आफ्रिकेत ‘ड्वायका’ आणि ब्राझीलमध्ये ‘इतारारे’ म्हणतात. त्या काळी हे सारे प्रदेश गोंडवन या एकाच महाखंडात होते. आज मात्र त्यांची वर्णने वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या भाषांतल्या अहवालांत विखुरलेली आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापनाच १८५१ची. तेव्हापासूनचे कागद एकत्र वाचणे एकट्यादुकट्याचे काम नव्हे.

म्हणूनच या नोंदी ऑनलाइन कोशांत आणल्या जात आहेत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचा ‘मॅक्रोस्ट्रॅट’ आणि भारतीय भूपट्टासाठीचा ‘इंडप्लेक्स’ ही त्याची उदाहरणे. आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक संघाने २०१९ मध्ये ‘डीप-टाइम डिजिटल अर्थ’ हा जागतिक उपक्रमही जाहीर केला. प्रत्येक शैलसमूहाची नोंद ठरावीक रकान्यांत होते : विस्तार कुठवर, जाडी किती, खडक कोणता, जीवाश्म कोणते, सुरुवात आणि शेवट केव्हाचा आणि तो साचला कुठे – समुद्रात, नदीकाठी, वाळवंटात की बर्फाखाली?

पुढचे काम संगणकाचे. भूपट्ट कसे सरकत गेले, याचा हिशेब ‘जीप्लेट्स’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मांडता येतो. त्यासाठी समुद्रतळाचे वय आणि खडकांतील चुंबकीय खुणा उपयोगी पडतात. लाव्हा थिजून थंड होताना त्यातील लोहयुक्त कणांचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत स्थिरावते. त्या चुंबकत्वाच्या कलावरून लाव्हा कोणत्या अक्षांशावर थिजला ते समजते. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी विषुववृत्ताच्या दक्षिणेला तयार झाला, हे अशाच पुराव्यावरून कळते. मग नोंदीतला प्रत्येक शैलसमूह त्याच्या जुन्या जागी ठेवायचा. सागरी चुनखडी असेल तिथे समुद्र, कोळसा असेल तिथे दलदल, मीठ असेल तिथे आटलेले पाणी. असे तुकडे जोडत त्या काळचा भूगोल उभा राहतो. चंद्रपूरचे ओरखडे तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या बाजूला जातात आणि कोडे सुटते.

अर्थात, नकाशा नोंदींइतकाच विश्वासार्ह. एका शैलसमूहाचे वय चुकले, तर नसलेल्या काळात समुद्र दिसू लागतो. एकाच थराची दोन नावांनी नोंद झाली, तर एकाच घटनेच्या दोन घटना होतात. झिजून गेलेले किंवा अभ्यासलेच न गेलेले खडक रिकाम्या जागा ठेवतात, आणि रिकामी जागा म्हणजे तिथे काही घडलेच नाही, असे नव्हे. कालमापनात सुधारणा झाली की जुन्या पुस्तकातला आकडा तसाच राहतो. कोशात तो बदलता येतो आणि त्यावर बेतलेले नकाशे नव्याने काढता येतात. पण तपासणारा आणि प्रदेश जाणणारा माणूस लागतोच.

या खटाटोपाचा संबंध आजच्या हवामानाशीही आहे. हवेत आजच्यापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड असलेले काळ पृथ्वीने पाहिले आहेत. भविष्याचे अंदाज देणारी संगणकीय प्रारूपे त्या काळांवर पारखली जातात आणि त्यासाठी तेव्हाचे डोंगर व समुद्र कुठे होते, हे ठाऊक असावे लागते. भूजल आणि खनिजांच्या शोधातही याच नोंदी उपयोगी पडतात. गावाबाहेरच्या खाणीत उघडा पडलेला एखादा थर नीट मोजून, तपासून नोंदवला गेला, तर या नकाशातली एक रिकामी जागा भरू शकते.