दुहेरी रूळ, तिपेडी आठवणी

पनवेल सोडलेली रोहा गाडी सोमाटणे, रसायनी करत आपट्याला थांबते. गावाशेजारून पाताळगंगा वाहते. रूळ इथवर आले १९६६ साली. पुढे रोह्याला पोचायला त्यांना आणखी २० वर्षं लागली. आपट्याचं नाव देशभर झालं ते मात्र १९९५च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मुळे. सुटलेल्या गाडीतून शाहरुख खाननं काजोलला वर ओढून घेतलं, ते याच फलाटावर.

ती जागा बघायला लोक अजून येतात. एक जोडपं मोबाइलवर दृश्य लावून खांब न्‌ खांब ताडून पाहत होतं. “फोटोत या तारा नकोत,” बाई म्हणाल्या. सिनेमात डिझेलची गाडी आहे. आता रूळ दुहेरी आहेत आणि वर विजेच्या तारा. दिवा जंक्शनला कामावर जाणाऱ्या इथल्या माणसाला त्याच तारांचं अप्रूप.

बाकावर एक आजोबा बसले होते, आपट्याचेच, सुतारकाम केलेले. लेक आणि अठरा वर्षांचा नातू गाडीची वाट पाहत होते. आदल्या दिवशी तिघं खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन आले होते, आणि गाडी येईपर्यंत वाद त्यावरच.

“यात्रेतल्या पाळण्याची मजा नाय,” आजोबा म्हणाले. त्यांची यात्रा म्हणजे साजगावच्या बोंबल्या विठोबाची. कार्तिकात भरणारी, सुक्या मासळीच्या बाजारासाठी नावाजलेली. तिथले हातानं फिरवायचे लाकडी पाळणे ते दुरुस्त करून द्यायचे. आस तासणं, डब्यांचे खिळे ठोकणं, वंगण लावणं. हे सांगताना त्यांचा हात हवेत आपोआप रंधा ओढत होता. “वंगण बेतानंच लावायचो. पाळणा कुरकुरला की पोरं जास्त ओरडायची.”

लेकीच्या मनात १९८९ साली सुरू झालेलं एस्सेलवर्ल्ड. मार्व्याहून बोटीनं गेलेली शाळेची सहल. “इमॅजिकात सगळं आहे, पण बोट नाही.” तरी तिथल्या ‘मिस्टर इंडिया’ सिनेमावरच्या राइडमधून ती हरखून बाहेर आली होती. मुलानं विचारलं होतं, “मोगॅम्बो कोण?”

आणि तो मुलगा? २०१३ साली, इमॅजिका सुरू झालं तेव्हा तो सहा वर्षांचा. उंचीच्या पट्टीत बसला नाही म्हणून ‘नायट्रो’ हा तिथला रोलर कोस्टर नुसता खालून पाहिला. काल पहिल्यांदा बसला. आणि म्हणतो काय, “पहिल्यासारखं राहिलं नाही. तेव्हा केवढा मोठा होता तो!”

अठरा वर्षांच्या मुलाकडून “पहिल्यासारखं राहिलं नाही” ऐकून मी चमकलो. नायट्रो तेवढाच आहे, पट्टी तीच आहे. वाढला तो मुलगा. प्रत्येकाची खरी जत्रा म्हणजे आपण त्या पट्टीखाली होतो तेव्हाची. म्हणून नव्या पाळण्याला नावं ठेवताना आधी आपलं वय मोजावं. पण सगळा दोष वयाचाही नाही. पाळण्याची कुरकुर, खाडीतली बोट या गोष्टी तिकिटात लिहिलेल्या नसतात, आणि पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. बदल करणाऱ्यांनी अशी एखादी गोष्ट तरी राखावी.

गाडीचा भोंगा ऐकू आला. नातवानं आजोबांना फलाटाच्या कडेपासून मागे घेतलं आणि फोटो काढला. तारांसकट.