तेहतीसचा आकडा कोणत्या तापमानाचा?

मे महिन्यात बऱ्हाणपूरचा पारा 43 अंशांपुढे गेला की टायरमध्ये हवा भरताना एक सल्ला हटकून मिळतो: ऊन फार आहे, दोन-तीन पॉइंट कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल. ट्रॅकवर हौसेने गाडी पळवणारेही प्रत्येक फेरीनंतर हवा सोडताना दिसतात, त्यामुळे या सल्ल्याला शर्यतवाल्यांचीच साक्ष मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात शर्यतवाल्यांच्याच हिशेबाने हा सल्ला खोटा ठरतो.

बंद जागेतल्या हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. गेज मात्र बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे तेवढेच दाखवते, म्हणून हिशेब करताना वातावरणाचे साधारण 14.7 पीएसआय मिळवावे लागतात. सकाळी 25 अंशांना 33 भरलेला टायर दुपारी 43 अंशांत नुसता उभा राहिला तरी 36 दाखवतो. बऱ्हाणपूरजवळचा असीरगड मागे टाकून तासभर पळाला आणि आतली हवा 65 अंशांवर गेली की 39. गाडीच्या दाराच्या चौकटीवर छापलेला दाबाचा आकडा थंड टायरचा असतो. ही वाढ कंपनीने आधीच धरलेली असते. 39 पाहून घाबरून 33 पर्यंत हवा सोडली, तर दुसऱ्या सकाळी टायरमध्ये उरतात जेमतेम 27. आणि टायर फुटण्याचा खरा धोका इथूनच सुरू होतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, त्याची बाजू वाकते आणि सरळ होते. तार पुन्हापुन्हा वाकवली की जशी तापते, तसे आतले रबर आणि धागे तापत जातात. गाडीत पाच माणसे आणि सामान असेल तर ही उष्णता बाहेर पडण्याआधीच थर सुटू लागतात. उन्हाळ्यात फुटणाऱ्या टायरचा दोष जास्त हवेला देतात, पण बरेचदा तो कमी हवेचा असतो.

मग ट्रॅकवाले हवा का सोडतात? कारण त्यांचे लक्ष गरम टायरच्या आकड्यावर असते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसारख्या ट्रॅकवर जोरदार ब्रेक आणि लागोपाठची वळणे यांनी आतली हवा सहज 80 अंशांवर जाते. दाब फार चढला की टायरचा मधला भाग फुगतो, रस्त्याला टेकणारी जागा घटते आणि पकड जाते. फार उतरला तर टायर वळणात कडेवर लोळतो. कडेला खडूची रेघ ओढली, तर ती कुठवर पुसली गेली यावरून हे लगेच कळते. गरम असताना 34 हवे असतील, तर 40 अंशांच्या दुपारी सुरुवात साधारण 28.5 ने करावी लागते. थंडीतल्या 15 अंशांच्या सकाळी 25 ने. यावर कोणी म्हणेल की गरम दिवशी टायरही जास्त तापेल. खरेच आहे, आणि म्हणूनच फेरी संपताच गेज लावण्याला पर्याय नाही. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उसना घेणे तर निव्वळ आळस.

टायरमध्ये नायट्रोजन भरला की दाब चढण्याचा हा प्रश्न सुटतो, असाही दावा होतो. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो, आणि कोरडी हवा तापल्यावर तेवढाच दाब वाढवते. फरक पडतो तो ओलाव्याने, म्हणून शर्यतीत कोरड्या वायूला अर्थ आहे. घरच्या गाडीसाठी जास्तीचे पैसे मोजण्याइतका नाही.

ट्रॅकवरून परतताना मात्र हिशेब पुन्हा उलटा फिरतो. गरम असताना 34 वर आणलेला तोच टायर रात्री 25 अंशांना 26 च्या आसपास येतो. त्यावर लांबचा परतीचा प्रवास करणे म्हणजे सुरुवातीच्या त्या सल्ल्यापेक्षाही कमी हवेवर धावणे. शेवटच्या फेरीनंतर टायर निवू द्यावा, चौकटीवरच्या आकड्याइतकी हवा भरावी आणि मगच सामान चढवावे.