सतराशे गाई आणि ओला कागद

वैशाखरे सोडलं तेव्हा उजाडायचं होतं. मुरबाडहून माळशेजकडे जाताना नाणेघाटाचा सुळका, नानाचा अंगठा, एसटीच्या खिडकीतून कितीदा पाहिलेला, पण पायी गेलो ते एका टोमण्यामुळे. पुराभिलेख शिकवून निवृत्त झालेले एक सर म्हणाले होते, "तुतनखामेनचं थडगं १९२२ला सापडलं, हे पोराटोरांना पाठ. तुमच्या घाटातली राणी कोण, ते विचारा बरं कुणाला."

सर सोबत होते, आणि शिलालेखाचा ठसा घ्यायच्या कागदाची गुंडाळी गावातल्या एका गुराख्याच्या खांद्यावर होती. चढ त्याला चढ वाटतच नव्हता.

नाणेघाटाचं लेणं म्हणजे तीन भिंतींची एक खोली. सोनंनाणं, शवपेटी असलं काही नाही. समोरच्या भिंतीवर आठ मूर्ती होत्या, त्या गेल्या. वर कोरलेली नावं तेवढी राहिली. सिमुक सातवाहन, सरांची ती राणी देवी नायनिका, सिरी सातकनी. मिसरी लोकांनी देह टिकावा म्हणून काय काय केलं! इथे देह नाही, मूर्तीही नाही. सर मात्र प्रत्येक नाव मोठ्याने वाचत होते, हजेरी घ्यावी तसे.

बाजूच्या दोन भिंतींवर मिळून वीस ओळी, ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. यज्ञ आणि दक्षिणेचा हिशेब. "या यज्ञाला गाई सतराशे आणि हत्ती दहा," सर म्हणाले.

"सतराशे?" गुराखी दारातच थबकला. "धारा कोण काढायचं?"

परवानगीचा कागद खिशात होता, तरी सरांचा हात दगडाला जपूनच लागत होता. मऊ ब्रशने धूळ काढली, कागद भिजवून भिंतीला लावला. मग राठ ब्रशने ठोकणं. फार जोरात ठोकलं तर कागद फाटतो, हळू ठोकलं तर तो अक्षरात उतरत नाही. अर्धवट सुकल्यावर शाईची पुरचुंडी टिपत जायची. खोलगट अक्षरं पांढरी राहतात, बाकी सगळं काळं. ओल्या दगडाच्या वासात मिसळलेला त्या शाईचा वास अजून माझ्या शर्टाला आहे असं वाटतं.

कागद सुकेपर्यंत सर भगवानलाल इंद्रजींबद्दल बोलत राहिले. जुनागडचे, जन्म १८३९चा. कॉलेजचं तोंड न पाहिलेला हा माणूस गिरनारचा शिलालेख बघत लिपी शिकला आणि मुंबईत संशोधक भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झाला. इथल्या आकड्यांवरचा त्यांचा लेख १८७६चा. सोपाऱ्याच्या स्तूपातून १८८२ साली त्यांनी दगडी पेटी काढली, आत एकात एक करंडे, शेवटचा सोन्याचा. तो प्रसंग तुतनखामेनचं थडगं शोधणाऱ्या कार्टरच्या चाळीस वर्षं आधीचा, आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातला. सरांना मात्र सोपाऱ्यापेक्षा आकडेच प्यारे. मलाही, खरं सांगायचं तर, सोन्यापेक्षा तेच जास्त आवडले. करंडा उघडायला एक दुपार पुरते, घासलेला आकडा लावायला जन्म जातो.

उतरताना गुराख्याच्या मनातून गाई जाईनात. स्वतःच्या चार. "सर, सतराशेच ना? वाचायला चुकलं तर नसंल?"

सर थांबले. पाणीसुद्धा न पिता त्यांनी वाटेतल्या कातळावर गुंडाळी सोडली, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि चष्मा कपाळावर सरकवून त्या एका ओळीवर वाकले.